नोंद कोणाच्या हातात? इंदापूरची मोजणी ते बारामतीचा संगणक

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके महाराष्ट्रात 'विकासाचे मॉडेल' म्हणून दाखवले जातात. साखर कारखाने, शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र, औद्योगिक वसाहत आणि आता ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी बारामतीच्या या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केला आणि ती चित्रफीत मोबाइलवरून गावोगाव फिरली. कौतुक व्हायलाच हवे. पण आंबेडकरी कार्यकर्ता म्हणून आपण एक प्रश्न विचारलाच पाहिजे. या भागातला सरकारी कारभार संगणकावर गेला, सेवा 'ऑनलाइन' झाल्या, प्रदेशाचे नियोजन माहितीच्या आधारे होऊ लागले. ही माहिती कोणाची आहे, ती कोणी लिहिली, आणि तिच्यात आपण कुठे आहोत?

हा प्रश्न आजचा नाही. तो या मातीत जवळजवळ १९० वर्षे जुना आहे. ई-गव्हर्नन्सचा इतिहास १९९० नंतर सुरू होतो असे पाठ्यपुस्तके सांगतात. आमचे म्हणणे असे की तो इंदापुरात १८३५ साली सुरू झाला. कसा, ते पाहू.

इंदापूर : नोंदीची पहिली प्रयोगशाळा

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांसमोर प्रश्न होता तो जमीन महसुलाचा. कोणत्या शेतावर किती सारा बसवायचा? गावात कोणाची किती जमीन, ती किती कसाची, कोणाकडून किती वसूल होते, ही सगळी माहिती कुलकर्ण्याच्या दप्तरात होती. दप्तर मोडीत, रुमालात बांधलेले, कुलकर्ण्याच्या घरी. सरकार कोणतेही असो, गावची माहिती एका घरात बंद होती.

१८२७ ते १८३० च्या दरम्यान प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनमध्ये मोजणी केली. लंडनच्या अर्थशास्त्रातला सिद्धांत हाताशी घेऊन त्याने प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा ठरवला. कागदावर ते शास्त्रशुद्ध होते. प्रत्यक्षात मोजणी चुकीची झाली, खालच्या अधिकाऱ्यांनी लाच घेऊन आकडे फिरवले, सारा अवाच्या सवा बसला आणि शेतकरी गावे सोडून गेले. इंदापूर तालुका ओस पडू लागला.

म्हणून १८३५ मध्ये गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्याने आणि विंगेट या लष्करी इंजिनिअरने इंदापुरातच नव्याने मोजणी सुरू केली. पुढे संपूर्ण मुंबई इलाख्यात जी सर्व्हे पद्धत लागू झाली आणि १८४७ च्या 'जॉइंट रिपोर्ट'मध्ये जिचे नियम पक्के झाले, तिची सुरुवात या तालुक्यातून झाली. शेतांचे तुकडे पाडून प्रत्येकाला सर्व्हे नंबर देण्यात आला. हद्दीवर दगड आणि मातीचे बांध घालण्यात आले. जमिनीचा रंग, पोत आणि खोली पाहून नऊ प्रती ठरवण्यात आल्या आणि प्रत्येक प्रतीची किंमत आण्यांत मांडण्यात आली. ३० वर्षांसाठी सारा कायम झाला. आजही आपण ज्याला गुंठा म्हणतो तो म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा, आणि ३३ फूट म्हणजे मोजणीच्या साखळीची लांबी. ती साखळी आजही आपल्या सातबाऱ्यावर आहे.

या बदलाची चांगली बाजू मान्य केली पाहिजे. शेताला नंबर मिळाला, सारा जाहीर झाला, आणि कुलकर्ण्याच्या मनमानीला काही प्रमाणात लगाम बसला. जे एका घरात बंद होते ते सरकारी नकाशावर आले. नोंदीचे तंत्र बदलले की गावातल्या सत्तेचे गणित बदलू शकते, हा इंदापूरचा पहिला धडा.

दुसरा धडा मात्र आपल्या वाट्याचा आहे. या मोजणीने एकच प्रश्न विचारला : सारा कोण भरणार? जो भरणार तो खातेदार. त्या शेतात राबणारा कोण, ओझे वाहणारा कोण, हद्दीचा दगड दाखवणारा कोण, याला रकाना नव्हता. रकाना नसेल तर माणूस डोळ्यांसमोर असूनही दप्तरात नसतो.

गावची माहिती वाहणारा माणूस

आता कुलकर्ण्याच्या दप्तराच्या बाहेर उभा असलेला माणूस पाहा. महार वतनदाराची कामे काय होती? गावची हद्द त्याला ठाऊक असायची. दोन गावांत सीमेचा वाद झाला की त्याची साक्ष घेतली जायची. सरकारी टपाल आणि निरोप एका गावाहून दुसऱ्या गावाला तो न्यायचा. वसूल झालेला सारा तालुक्याच्या कचेरीत पोहोचवताना तो बरोबर असायचा. परका माणूस गावात आला, जन्म झाला, मयत झाली, गुन्हा घडला, की खबर त्यानेच द्यायची. दवंडी त्यानेच पिटायची.

आजच्या भाषेत सांगायचे तर गावची माहिती यंत्रणा या माणसाच्या पायांवर आणि स्मरणशक्तीवर चालत होती. कुलकर्णी लिहायचा, महार माहिती आणायचा. लिहिणाऱ्याला मान, रोख हक्क आणि दप्तराची मालकी मिळाली. माहिती आणणाऱ्याला हाडकी-हाडोळ्याचा तुकडा, शिळी भाकरी, बलुते आणि दिवसरात्रीची वेठ मिळाली. ज्याने खबर दिली त्यालाच अक्षर शिकण्याची बंदी होती. तंत्रज्ञानात आपण मागे का, असा प्रश्न जेव्हा शहाजोगपणे विचारला जातो तेव्हा हा इतिहास समोर ठेवा. आपण माहितीच्या व्यवहारात मागे नव्हतोच. लेखणीपासून आपल्याला दूर ठेवले गेले.

महात्मा फुल्यांनी हे दुखणे नेमके ओळखले होते. 'शेतकऱ्याचा असूड' आणि 'ब्राह्मणाचे कसब' यांत त्यांनी कुलकर्ण्याच्या लेखणीने अडाणी शेतकरी कसा नाडला जातो याचा पंचनामा केला. सत्यशोधक मुकुंदराव पाटलांनी १९१३ मध्ये 'कुलकर्णीलीलामृत' लिहिले तेही याच विषयावर. १९१८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले आणि त्याच सुमारास महार वतनालाही हात घातला. लेखणीची मालकी वंशपरंपरेतून काढून नोकरीत आणणे, हा प्रशासन सुधारणेचा खरा अर्थ त्यांना कळला होता.

सुप्याची होळी आणि गाव-रजिस्ट्रार

आता बारामती तालुक्यातल्या सुप्याकडे या. १२ मे १८७५. बाजाराचा दिवस. तेव्हा सुपे भीमथडी तालुक्यात होते. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावाला इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणतात. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते. इंदापुरात ३० वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास फेरआकारणी होऊन सारा वाढला होता. सावकाराने हात आखडता घेतला होता आणि कोर्टातून एकतर्फी हुकूमनामे निघत होते.

या उठावात लोकांनी मुख्यतः काय जाळले? कर्जरोखे, खतावण्या, हिशोबाच्या वह्या. माणसांचे जीव घेण्यापेक्षा कागद ताब्यात घेऊन जाळण्यावर त्यांचा भर होता. ज्याला वाचता येत नाही त्याच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे त्यालाच माहीत नसते, आणि तोच कागद पुढे त्याची जमीन खातो. हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना कोणत्याही पदवीशिवाय समजले होते.

या उठावानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. त्यात एक तरतूद होती जिच्याकडे आपल्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. शेतकऱ्याने करायचा दस्त सरकारने नेमलेल्या गाव-रजिस्ट्रारच्या देखरेखीखाली लिहिला जावा, असे ठरले. म्हणजे निरक्षर माणूस आणि लिखित व्यवस्था यांच्या मध्ये सरकारने एक जबाबदार माणूस बसवला. आजच्या सेतू केंद्राचा आणि 'आपले सरकार सेवा केंद्रा'चा हा पूर्वज आहे. फरक इतकाच की गाव-रजिस्ट्रार लोकांच्या उठावातून आला होता. सेवा केंद्र मंत्रालयातल्या निविदेतून आले.

पुढे १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा झाला. कसणारा कोण, गहाण कोणाकडे, कूळ कोण, हे लिहायला रकाने मिळाले. त्यातूनच गाव नमुना सात आणि बारा, म्हणजे आपला सातबारा, आकाराला आला.

वतन संपले, नोंद राहिली

महार वतनाच्या विरोधातली लढाई या परिसराला नवी नाही. १९०३ मध्ये शेजारच्या सासवडला शिवराम जानबा कांबळे यांनी ५१ गावांच्या महारांची सभा घेऊन सरकारपुढे मागण्या ठेवल्या होत्या. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. १८७४ च्या वतन कायद्याने महाराला सरकारचा चोवीस तासांचा गुलाम केले होते. बाबासाहेबांची मागणी अशी होती की कामाची व्याख्या ठरवा, बलुत्याऐवजी रोख द्या, आणि ज्यांना वतनातून मोकळे व्हायचे आहे त्यांच्या जमिनी पूर्ण सारा आकारून त्यांच्या नावे रयताव्याने करा. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. १९३९ च्या डिसेंबरात हरेगावच्या परिषदेत त्यांनी पुन्हा हाच प्रश्न घेतला.

अखेर १९५८ चा कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. वतने रद्द झाली, जमिनी सरकारजमा झाल्या आणि ठरलेली रक्कम भरल्यावर मूळ वतनदाराला त्या परत देण्याची तरतूद झाली. परत मिळालेली जमीन नवीन अविभाज्य शर्तीची. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे जे लिहिलेले असते त्यात या जमिनी येतात.

तरतूद चांगली होती. पण ती घरापर्यंत कोणी पोहोचवायची? रक्कम भरायची मुदत कधी संपली हे अनेक कुटुंबांना कळलेच नाही. कुठे जमीन आधीच दुसऱ्याच्या वहिवाटीत होती, कुठे पाच भावांपैकी एकाचेच नाव लागले, कुठे आजोबांनंतर वारसनोंदच झाली नाही. १९५९ साली जी नोंद चुकली किंवा राहिली, ती तशीच दप्तरात बसून राहिली. आणि मग संगणक आला.

संगणकाने काय उचलले, काय ठेवले

केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये जमीन अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना सुरू केली. प्रायोगिक जिल्ह्यांत महाराष्ट्रातला वर्धा होता. २००६ मध्ये राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजना मंजूर झाली आणि देशभर एक लाख सामायिक सेवा केंद्रांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. महाराष्ट्रात तहसील पातळीवर सेतू, ग्रामपंचायतीत २०११ पासून संग्राम, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, आणि २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्र. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲपवर खातेदार स्वतः पिकाची नोंद करू लागला.

तलाठ्याच्या दारात दहा हेलपाटे घालण्यापेक्षा मोबाइलवर उतारा मिळणे केव्हाही चांगले. त्याला आमचा विरोध नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. संगणकीकरण करताना जुनी नोंद जशीच्या तशी उचलली गेली. १९५९ ची चूक २०१८ मध्ये डिजिटल स्वाक्षरीने प्रमाणित झाली. पूर्वी चुकीच्या नोंदीवर निदान शाईचा संशय घेता येत होता. आता 'संगणकावर असेच आहे' हे शेवटचे उत्तर ठरते.

ई-पीक पाहणीचेच उदाहरण घ्या. तलाठ्याच्या हातची लेखणी खातेदाराच्या हातात आली, हे पुढचे पाऊल खरे. पण वाट्याने जमीन करणाऱ्या भूमिहीनाचे काय? पेरणारा तो, पाणी देणारा तो, पीक बुडाले तर कर्जात जाणारा तो. ॲपमध्ये नोंद मात्र खात्यावर, आणि नुकसानभरपाईही खात्यावर. १८३५ साली विचारलेला 'सारा कोण भरणार' हा प्रश्न आजही ॲपच्या पहिल्या पानावर बसलेला आहे.

दुसरी गोष्ट, गावच्या महसुली दप्तरात २१ नमुने असतात. लोकांसाठी आधी ऑनलाइन काय आले? सातबारा, आठ-अ, फेरफार. म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे त्याला लागणारे कागद. भूमिहीनाला कोणता कागद लागतो? गायरान कसणाऱ्याला गाव नमुना १-ई लागतो, ज्यात अतिक्रमणाची नोंद असते. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमी सत्याग्रहांनी हा प्रश्न देशापुढे आणला. पुढे महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. पण त्या तारखेपूर्वीचा ताबा सिद्ध करायला पुन्हा तोच १-ई किंवा दंडाची पावती. आमच्या माणसांनी तीस-तीस वर्षे दंडाच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या आहेत, कारण सरकारने त्यांना दिलेला तेवढाच पुरावा आहे.

जातीच्या दाखल्याचेही तेच. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. शाळेचा जुना दाखला नसेल तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ मधली जन्ममृत्यूची नोंद. विचार करा, ज्या वतनदार महाराने गावातल्या प्रत्येक जन्माची खबर दिली, त्याचाच नातू आज स्वतःच्या पणजोबाची नोंद शोधत रेकॉर्ड रूमच्या दारात उभा आहे. त्यात १९५६ नंतर धर्म बौद्ध, जुन्या कागदावर जात महार, आणि अर्जाच्या रकान्यांना दोन्हीचा मेळ हवा. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राने १९९० मध्ये कायद्याने दिल्या. तो इतिहास माहीत नसलेला ऑपरेटर समोर असला तर अर्ज त्रुटीत जातो आणि विद्यार्थ्याचे वर्ष टांगणीला लागते.

कोणी म्हणेल, जुनी दप्तरे शोधणे, मोडी वाचणे, स्कॅन करणे हे फार मोठे काम आहे. २०२३ चा अनुभव याला उत्तर देतो. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर कोतवाल बुके, शाळांची जनरल रजिस्टरे, मोडी कागद बाहेर निघाले. मोडी वाचक नेमले गेले, नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. हे काम काही महिन्यांत झाले. त्या समाजाला कागद मिळाले याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा मुद्दा एवढाच की राजकीय इच्छा असली तर दप्तर सापडते, वाचता येते आणि ऑनलाइनही येते. तीच कोतवाल बुके अनुसूचित जाती आणि भटक्या विमुक्तांसाठी, गाववार सूचीसह, का उघडली जात नाहीत?

बारामतीचा प्रयोग कोणासाठी?

माहिती तंत्रज्ञानाच्या ग्रामीण प्रयोगांत पश्चिम महाराष्ट्राचे नाव जुने आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे, त्यातून शेती, आरोग्य, शिक्षण, बाजारभाव, सगळे मिळणार अशी घोषणा होती. प्रत्यक्षात त्या केंद्रांचा मुख्य उपयोग ऊस उत्पादकाला वजनाची आणि बिलाची माहिती देण्यापुरता उरला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत दाखवून दिले की तेवढे काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवरही होते.

बारामतीत १९७२ पासून विद्या प्रतिष्ठान आहे, माहिती तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था आहे, शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. २००३ मध्ये आयआयटी मुंबईने सुरू केलेल्या 'आक्वा' या प्रश्नोत्तर सेवेत शेतकरी मराठीत प्रश्न विचारायचा आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ उत्तर द्यायचे. मराठीतून, गावातल्या माणसाला, तज्ज्ञाशी थेट बोलता येणे, हे त्या काळात मोठे काम होते. आजचा ऊसशेतीतला कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग त्याच वाटेवर पुढे गेला आहे. उपग्रह, जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र, आणि मोबाइलवर सल्ला.

पण वारणेपासून बारामतीपर्यंत या सगळ्या प्रयोगांचा 'वापरकर्ता' एकच आहे. बागायतदार, ऊस उत्पादक, कारखान्याचा सभासद. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून ज्या शिवारात खेळते, त्या शिवाराचा मालक. त्याच उसात वाकून तोड करणारी बाई, बीडकडून आलेली कोयता टोळी, इंदापूरच्या उजनी काठावरचा मासेमार, भूमिहीन बौद्ध आणि मातंग शेतमजूर, यांचा प्रश्न या यंत्रणेत कुठे विचारायचा? किमान वेतनाचा दर आज किती आहे, मुकादमाच्या उचलीचा हिशोब कसा लावायचा, रेशनचे धान्य स्थलांतरात कुठे मिळेल, हे सांगणारा सेन्सर अजून बसलेला नाही. जमिनीतल्या ओलाव्याचा दर तासाला हिशोब ठेवणारे तंत्र मजुराच्या घामाचा हिशोब ठेवायला असमर्थ आहे असे आम्ही मानत नाही. तसे कोणी त्याला सांगितलेलेच नाही.

शिष्यवृत्तीचे पाहा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून आलेली. २०१७-१८ मध्ये ती महाडीबीटी पोर्टलवर गेली आणि पहिल्याच वर्षी पोर्टल कोलमडल्याने कागदी अर्जांकडे परतावे लागले. पैसे थेट खात्यात येणे हे तत्त्व बरोबरच आहे. पण आधार, बँक खाते, दाखला आणि प्रवेश या चार ठिकाणी नावाचे स्पेलिंग एक नसेल तर अडकतो कोण? ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेले आहे, तो.

आणि सेवा केंद्रात बसलेला ऑपरेटर? तोही बहुतेक आपल्यासारख्याच घरातला, कंत्राटी, महिनोन्महिने मानधनाची वाट पाहणारा. संग्रामच्या संगणक परिचालकांनी यासाठी आंदोलने केली. शाहू महाराजांनी लेखणी वंशपरंपरेतून काढून पगारी नोकरीत आणली होती. शंभर वर्षांनी ती नोकरीतून काढून कंत्राटात टाकली गेली, आणि कंत्राटात आरक्षण गळून पडते. नोंद करणाऱ्या जागांवरचे आपले प्रतिनिधित्व असे कोणताही कायदा न बदलता संपवता येते.

नियोजन म्हणजे काय हवे?

प्रादेशिक ई-सेवा नियोजन म्हणजे किती संगणक, किती केंद्रे, किती फायबर केबल, एवढेच धरले जाते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांसाठी आमच्या मागण्या याहून साध्या आहेत.

पहिली, दोन्ही तालुक्यांतल्या इनाम वर्ग सहा-ब, म्हणजे महार वतनाच्या जमिनींची गाववार यादी प्रसिद्ध करा. १९५९ ला जमीन कोणाची होती, कोणाला परत दिली, आज कोणाच्या नावावर आणि कोणाच्या परवानगीने. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अभिलेखांची सूची करून ते संगणकावर आणायला सांगते.

दुसरी, कोतवाल बुके, १९५० पूर्वीची शाळांची रजिस्टरे आणि गाव नमुना १-ई स्कॅन करून नावाने शोधता येतील अशी ठेवा. व्यक्तीच्या खाजगी माहितीचे संरक्षण करूनच, पण वारसाला मोफत.

तिसरी, सेवा केंद्र ग्रामपंचायतीच्या इमारतीत अडकवू नका. ठरलेल्या वारी ते वस्तीवर, ऊसतोड मजुरांच्या अड्ड्यावर गेले पाहिजे. परिचालकांची पदे नियमित करा आणि आरक्षणाने भरा.

चौथी, ज्या माहिती तंत्रज्ञान प्रकल्पाला सरकारी जमीन, अनुदान किंवा सरकारी माहिती मिळते, त्याच्या नियोजन समितीवर शेतमजूर, भूमिहीन आणि महिलांचे प्रतिनिधी घ्या.

पाचवी, ड्रोनने गावठाणाची मोजणी करून मिळकत पत्रिका देताना बौद्ध वस्ती, मातंग वस्ती आणि पारधी वस्तीची हद्द त्या वस्तीच्या लोकांसमोर दाखवा. शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत या मोजणीचा प्रयोग झाला आणि २०२० पासून ती देशभर स्वामित्व योजना म्हणून सुरू आहे. नकाशावर एकदा रेष पक्की झाली की पुढची शंभर वर्षे ती हलत नाही, हे इंदापूरने आपल्याला १८३५ पासून शिकवले आहे.

आपण काय करायचे?

मागण्यांचे निवेदन देऊन फोटो काढला की काम संपत नाही. प्रत्येक गावातल्या चार शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या वस्तीचे दप्तर तयार करावे. कोणाच्या घरी १९५९ चा जमीन परत दिल्याचा आदेश आहे, कोणाकडे दंडाची पावती आहे, कोणाची वारसनोंद राहिली आहे, याची यादी करा. तलाठी कार्यालय, तहसीलचे अभिलेख कक्ष आणि भूमी अभिलेख कार्यालयातून प्रमाणित नकला काढा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहून घरे कोणाच्या नावावर आहेत ते तपासा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवेला मुदत आहे. मुदतीत काम झाले नाही तर पहिले अपील, दुसरे अपील आणि त्यापुढे आयोग आहे, आणि दोषी अधिकाऱ्याला दंडही आहे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, कारण पोच नसेल तर मुदत सुरूच होत नाही.

आपल्यातले जे माहिती तंत्रज्ञान शिकून पुण्याला हिंजवडीत नोकरीला गेले आहेत, त्यांना आमचे विशेष सांगणे आहे. महिन्यातला एक रविवार गावासाठी ठेवा. वस्तीची कागदपत्रे स्कॅन करायला, नावांची सूची बनवायला, अर्ज तपासायला तुमची गरज आहे. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले ते केवळ पॅकेजसाठी नव्हते.

सुप्याच्या शेतकऱ्यांना कागद वाचता येत नव्हता, म्हणून त्यांनी तो जाळला. आपल्याला वाचता येतो. आपण तो मागायचा, तपासायचा, चूक असेल तर दुरुस्त करून घ्यायचा, आणि नवा रकाना आखला जात असेल तिथे आखणाऱ्यांच्या शेजारी बसायचे. १८३५ ला ती संधी आपल्याला नव्हती. आज संविधानाने ती दिली आहे.

जय भीम!